परभणीतील घाण्याचे करडई तेल : सहा महिन्यांच्या वापरानंतर

परभणीत मोंढ्याच्या मागच्या गल्लीत, सरकी पेंडीच्या दुकानांना लागून एक लाकडी घाणा चालतो. बैल नाही, मोटार आहे. उखळ आणि मुसळ मात्र लाकडाचेच आहे आणि ते इतक्या संथपणे फिरते की शेजारी उभे राहून सहज बोलता येते. करडई, शेंगदाणा, तीळ आणि जवस अशी चार तेले येथे गाळली जातात. एप्रिल २०२५ पासून दिवाळीपर्यंत मी येथून करडईचे तेल घेतले, त्यावर पाच माणसांचा रोजचा स्वयंपाक केला आणि एकदा घरची करडई नेऊन ती डोळ्यांदेखत गाळून घेतली. त्या अनुभवावर हा अभिप्राय आहे. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहिल्या आहेत आणि त्या अशा बहुतेक घाण्यांना लागू पडाव्यात असा माझा अंदाज आहे.

सर्वांत आधी भावाविषयी लिहिते, कारण गिऱ्हाईक दारात येऊन पहिला प्रश्न तोच विचारते आणि पुष्कळदा तेथूनच परत फिरते. करडई तेलाची एक लिटरची बाटली ३२० रुपयांना मिळते. त्याच दिवशी मी किराणा दुकानात रिफाइंड सोयाबीन तेलाची पिशवी १४८ रुपयांना पाहिली. दुपटीहून अधिक फरक पाहिल्यावर हा शहरी हौसेचा माल असावा, अशी शंका मलाही आली होती. घाण्याचे मालक, ज्यांना गल्लीतले सगळे मामा म्हणतात, त्यांना मी हे तोंडावर विचारले. ते रागावले नाहीत. "ताई, तुमची घरची करडी घेऊन या, समोर गाळून देतो, मग तुम्हीच हिशोब करा," एवढेच म्हणाले.

माझ्या दिरांचे शेत मानवतकडे आहे आणि त्यांनी गेल्या रब्बीत ज्वारीच्या कडेने थोडी करडई घेतली होती. तिच्यातली २० किलो मी घेऊन गेले. गाळायला सव्वा तासाहून अधिक वेळ लागला. मामांनी आधी चाळणी मारून काडीकचरा काढला, उखळात करडई ओतली, मधून मधून ओंजळभर पाणी शिंपडले आणि पेंड कडेला चढू लागली की लोखंडी सळईने ती पुन्हा आत लोटली. तेल सुरुवातीला गढूळ, मातकट पिवळे येते. हाताला जेमतेम कोमट लागते. दोन दिवस पिंपात ठेवून गाळ खाली बसल्यावर ४ किलो ७०० ग्रॅम, म्हणजे पाच लिटरांच्या थोडे वर तेल हाती आले आणि सुमारे साडेचौदा किलो पेंड उरली. त्या हंगामात करडईचा हमीभाव क्विंटलला ५,९४० रुपये होता. तो धरला तर बियांचे ११८८ रुपये, किलोमागे १५ रुपयांप्रमाणे गाळणीचे ३००, आणि पेंड शेजारच्या दुकानात २५ रुपये किलोने घेतली जाते म्हणून ती वजा. लिटरचा खर्च सव्वादोनशेच्या आसपास जातो. त्यावर बाटली, ५ टक्के जीएसटी, वीज, जागेचे भाडे आणि मामांची मजुरी धरली, तर ३२० रुपयांत लूट आहे असे म्हणता येत नाही. दुकानाच्या प्रामाणिकपणाला म्हणूनच मी पूर्ण गुण देते.

तेव्हा मग उलट प्रश्न उरतो, की ते दुसरे तेल १४८ रुपयांत कसे पडते? सहा महिने या दुकानात ये-जा केल्यावर माझे मत असे झाले आहे की घाण्याच्या बाटलीवरची किंमत शेतात आणि उखळात ठरते, पण पिशवीवरची किंमत बरीचशी दिल्लीत ठरते, आणि ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय या तेलाची तुलना न्याय्य होत नाही.

खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आज आपण आयातीवर भागवतो. पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया आणि युक्रेनमधून येते. हे पूर्वीपासून असेच होते असे नाही. १९८६ मध्ये केंद्राने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केले आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश तेलाच्या बाबतीत जवळपास स्वयंपूर्ण झाला होता. त्यानंतर १९९४ मध्ये पामोलिनची, म्हणजे पाम तेलाच्या पातळ भागाची, आयात खुली करण्यात आली. प्रारंभी त्यावर ६५ टक्के आयात शुल्क होते, ते चारेक वर्षांत १५ टक्क्यांपर्यंत खाली आले. शहरातल्या गिऱ्हाइकाला तेल स्वस्त मिळावे आणि महागाई आटोक्यात राहावी हा हेतू चुकीचा होता असे कोणी म्हणणार नाही. पण त्या स्वस्ताईची किंमत कोरडवाहू तेलबिया पिकवणाऱ्याने मोजली, आणि कोरडवाहू तेलबिया म्हटले की मराठवाड्याचे नाव घ्यावेच लागते.

हे शुल्क आजही गोफणीसारखे वर-खाली फिरते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले गेले. मे २०२५ च्या अखेरीस ते पुन्हा साडेसोळा टक्क्यांवर आणले गेले. पहिला निर्णय शेतकऱ्याच्या नावाने होता, दुसरा गृहिणीच्या. मी गृहिणीही आहे आणि शेतकऱ्याच्या घरातलीही, त्यामुळे दोन्ही निर्णय माझ्याच नावाने झाले असे म्हणायला हरकत नाही. करडई पेरणारा माणूस मात्र ऑक्टोबरात पेरतो आणि मार्चमध्ये विकतो. मधल्या काळात बंदरावर काय ठरेल याचा अंदाज त्याने बांधावा अशी अपेक्षा करणे कठीण आहे.

आता चवीविषयी. पहिल्या बाटलीने घरात नाराजी झाली हे कबूल केले पाहिजे. माझी मुले वास नसलेल्या तेलावर वाढली आहेत. कढई तापताच ओल्या गवताचा आणि भाजलेल्या बियांचा मिळून जो वास सुटतो, त्याला धाकट्याने "गोठ्याचा वास" असे नाव दिले. पंधरा दिवसांत ती तक्रार थांबली. सुशीला करताना फोडणीतच मोहरी, मिरची आणि शेंगदाणे पडले की हा वास त्यांच्यात मिसळून जातो आणि भिजवलेले चुरमुरे तेलकट न होता मोकळे राहतात. येसराच्या आमटीवर तर्री नेमकी येते, धपाटे तव्याला चिकटत नाहीत. पण या तेलाची खरी जागा चुलीवर नाहीच. गरम ज्वारीची भाकरी, तिच्यावर लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, आणि चटणीत बोटाने केलेल्या खळग्यात चमचाभर कच्चे करडईचे तेल, असे खाल्ले तर त्याची चव कळते. माझ्या सासूबाई, ज्यांना हल्ली बहुतेक पदार्थ बेचव लागतात, त्यांनी पहिला घास खाऊन विचारले, "हे गावाकडून आलं का?"

तळणासाठी हे तेल घेऊ नये. न शुद्ध केलेले करडईचे तेल लवकर धुरावते. दिवाळीत मी त्यात चकल्यांचा एक घाणा काढून पाहिला, कढईभर फेस आला आणि दुसऱ्या घाण्याला डोळे चुरचुरू लागले. तळण मी आता याच दुकानातल्या शेंगदाणा तेलात करते. दुकानदाराने हे स्वतःहून सांगायला हवे होते. बाटलीवरच्या चिठ्ठीत "सर्व प्रकारच्या स्वयंपाकासाठी" असे छापले आहे, ते बदलावे.

पहिली मोठी तक्रार याच छापील मजकुराबद्दल आहे. दुकानाबाहेरच्या फलकावर "कोलेस्टेरॉलमुक्त" असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. वनस्पतीपासून काढलेल्या कोणत्याही तेलात कोलेस्टेरॉल नसते, त्यामुळे ही गोष्ट खरी असूनही दिशाभूल करणारी आहे. त्याखाली "हृदयविकारावर गुणकारी" असेही आहे, आणि ते नुसते दिशाभूल करणारे नाही, तर खाद्यपदार्थ विकताना करू नये असे विधान आहे. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल हे असंपृक्त मेदाम्ल सुमारे पाऊण हिस्सा असते आणि संपृक्त मेद फार कमी असतो, एवढे खरे. त्यामुळे रक्तातले कोलेस्टेरॉल उतरते हेही अभ्यासांत दिसले आहे. पण सिडनीत १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर जो प्रयोग झाला, त्यात संपृक्त मेदाऐवजी करडईचे तेल आणि करडईचे मार्गारिन दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. त्या प्रयोगातील माहितीचे सविस्तर फेरविश्लेषण २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. या एका प्रयोगावरून करडई वाईट ठरत नाही, तज्ज्ञांमध्ये त्याविषयी मतभेद आहेत. परंतु एका तेलाला औषधाची जागा देऊ नये, एवढे त्यातून कळते. आलटून पालटून दोन-तीन प्रकारची तेले वापरावीत हा आहारतज्ज्ञांचा सल्ला मला जास्त पटतो. मामांना मी हे सांगितले. "कंपनीवाले टीव्हीवर काय काय बोलतात, आम्ही एक पाटी लावली तर काय झालं," असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यातला राग मला समजतो, पण पाटी उतरवायला हवी या मताला मी चिकटून आहे.

आमच्या घरात प्रकृतीच्या दृष्टीने जो फायदा झाला तो तेल बदलल्यामुळे झाला की तेल महाग असल्यामुळे, याविषयी मी बराच विचार केला. आधी महिन्याला सहा लिटर सोयाबीन तेल संपत असे. आता तीन लिटर करडई आणि दीड लिटर शेंगदाणा पुरतो. पळीने ओतायचे तेल मी चमच्याने घालू लागले, कारण बाटलीकडे पाहिले की ३२० हा आकडा दिसतो. बैठे काम करणाऱ्या प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३० ग्रॅमच्या आत तेल-तूप पुरे, म्हणजे वर्षाला ११ किलोच्या आसपास. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात दरडोई वापर १९.७ किलोवर गेला आहे. आम्ही माणशी रोज सुमारे ३७ ग्रॅमवरून २८ ग्रॅमच्या खाली आलो. तेव्हा तेल स्वस्त ठेवण्याचे धोरण आणि लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब यांची वाढ यांचा काही संबंध असावा असे मला वाटते. पण हा युक्तिवाद गरिबाच्या घरी नेऊन सांगण्याची माझी हिंमत नाही. महिन्याला पाचशे रुपये जास्त मोजून कमी तेल खाणे ही ज्यांना परवडते त्यांची आरोग्यसाधना आहे.

ज्यांना परवडत नाही त्यांच्यापर्यंत शासनाचे तेल कसे पोहोचते याचे एक उदाहरण आठवते. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने शिधापत्रिकाधारकांना १०० रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. त्यात एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ आणि एक लिटर पाम तेल होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी ती पिशवी आणून दाखवली तेव्हा त्यांना झालेला आनंद खरा होता आणि त्याची चेष्टा करण्याचा मला अधिकार नाही. परंतु ज्या मराठवाड्यात करडई, तीळ, जवस आणि भुईमूग ही पिके पिढ्यान्‌पिढ्या घेतली गेली, तेथे सणाचे सरकारी तेल समुद्रापलीकडून यावे, हे मनाला लागले. खाद्यतेलासाठी परभणी, लातूर, बीडमधल्या गिरण्यांकडून थोडी जरी खरेदी झाली असती, तर मामांसारख्यांच्या पिंपांना वर्षभराचे गिऱ्हाईक मिळाले असते.

करडई मागे पडण्याची मुळे तेलाच्याही पलीकडे, धान्यात आहेत. माझ्या आजोळी रब्बी ज्वारीच्या काही ओळींनंतर करडईच्या दोन ओळी असत आणि धुऱ्याच्या कडेने तर करडई हमखास असे, कारण तिच्या काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे. कोवळी असताना तिची भाजी होई, पिकल्यावर तेल, उरलेली पेंड म्हशीला. म्हणजे करडई ज्वारीच्या आधाराने जगत होती. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असे दर ठरवले. जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत झाले. कागदावर भरडधान्य सर्वांत स्वस्त होते, पण आमच्या भागातल्या रेशन दुकानात पोत्यांच्या थप्प्या राहिल्या त्या मुख्यतः गव्हाच्या आणि तांदळाच्या. ज्या घरात धान्य फुकट येते, त्या घराने ज्वारी कशासाठी पेरावी? खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा हे गणित त्या काळातच पक्के झाले, आणि ज्वारीबरोबर करडईही शेतातून गेली.

सोयाबीनविषयी लिहिताना सावध राहिले पाहिजे, कारण त्याने मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत लग्ने लावली आहेत आणि मुलांची शिक्षणे केली आहेत. पण ते तेलाचे पीक म्हणवले जात असले तरी त्याच्या दाण्यात तेल जेमतेम पाचवा हिस्सा असते. उरलेली पेंड कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यासाठी जाते आणि या उद्योगाचे अर्थकारण बरेचसे त्या पेंडीवर उभे आहे. मोठ्या कारखान्यात दाणा चेपून त्यातले तेल हेक्झेन या द्रावकाने धुऊन काढतात, त्यानंतर क्षार, माती आणि वाफ वापरून त्याचा आम्लांश, रंग आणि वास घालवतात. ही पद्धत कार्यक्षम आहे. घाण्याच्या पेंडीत जे तेल राहून जाते तेवढे तेथे राहत नाही. रिफायनरीच्या बाजूने आणखी एक गोष्ट मान्य करावी लागेल. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातले अफ्लाटॉक्सिन हे विष शुद्धीकरणात निघून जाते, घाण्यात नाही. म्हणून घाण्याचे शेंगदाणा तेल घेणाऱ्याने दाणे कसे निवडतात ते पाहिल्याशिवाय बाटली उचलू नये. या दुकानात दाणे निवडायला एक बाई बसलेल्या असतात, आणि मी गेले त्या प्रत्येक वेळी काळे, सुरकुतलेले दाणे त्यांच्या शेजारच्या वेगळ्या टोपलीत पडलेले दिसले. या दुकानाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट ती टोपली आहे.

पिकाच्या पाण्याचा विचार केला तर करडईची बाजू भक्कम आहे. सोटमूळ काळ्या जमिनीत खोल, दोन मीटरच्याही खाली उतरते आणि परतीच्या पावसाने मुरलेल्या ओलाव्यावर पीक उभे राहते. पाण्याची पाळी मिळालीच तर उत्पन्न वाढते, नाही मिळाली तरी खळे रिकामे राहत नाही. ज्या मराठवाड्यात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे असे पीक सरकारी धोरणाच्या अग्रभागी असायला हवे होते. अग्रभागी राहिला तो ऊस, कारण त्याला ठरलेला दर आणि घेणारा कारखाना दोन्ही होते. करडईला हमीभाव दरवर्षी जाहीर होतो, २०२६-२७ च्या खरेदी हंगामासाठी तो ६०० रुपयांनी वाढवून ६,५४० रुपये केला गेला. पण जाहीर झालेल्या भावाने माल घेणारा मोंढ्यात उभा असेल तरच त्या आकड्याला अर्थ येतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याखाली सौदे होत होते, हे येथल्या कोणाला सांगायची गरज नाही.

याउलट पामसाठी मात्र वेगळे अभियान आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मंजूर झालेल्या त्या अभियानावर ११,०४० कोटी रुपयांचा खर्च ठरवला गेला, आणि त्यात भर ईशान्येकडील राज्ये व अंदमान-निकोबार बेटांवर आहे. इंडोनेशियात आणि मलेशियात पामच्या मळ्यांसाठी पावसाळी जंगले किती तुटली हे सर्वज्ञात असल्याने पर्यावरण अभ्यासकांनी या निवडीवर आक्षेप घेतले. पामची बाजू मांडणारेही खोटे बोलत नाहीत. एका हेक्टरातून पाम जितके तेल देतो तितके कोणतीही तेलबिया देत नाही, करडई तर त्याच्या जवळपासही येत नाही. प्रश्न हेक्टर कोठला घ्यायचा हा आहे. मानवतच्या हलक्या-मध्यम रानात पाम येणार नाही, आणि तेथे रब्बीत रिकामी राहणारी जमीन तर आहेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलबियांसाठीही १०,१०३ कोटींचे स्वतंत्र अभियान मंजूर झाले आहे. त्यातले किती पैसे करडईच्या वाट्याला येतात ते पाहायचे.

करडई कोणी का पेरत नाही याला धोरणाखेरीज एक साधे कारण आहे, आणि ते काटे. दिरांच्या शेतात मी काढणीला एक सकाळ गेले होते. दव असेपर्यंतच, म्हणजे ऊन चढण्याआधी, हाताला फडकी गुंडाळून काढणी करावी लागते, कारण एकदा उन्हाने काटा ताठ झाला की मजूर रानात पाय ठेवत नाही. दोन बायका आल्या, तिसरी "त्यापरीस हरभरा उपटायला जाते" म्हणून दुसऱ्या शेतावर गेली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नारी-६ हा बिनकाट्याचा वाण दिला आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' हा वाण दिला. शिवाय हल्ली हार्वेस्टरने करडई काढता येते. घाण्यापासून विद्यापीठ काही फार लांब नाही, तरीही दुकानातल्या करडईत कोणता वाण आहे हे मामांना सांगता आले नाही. "आडतीवरून येते तशी घेतो," हे त्यांचे उत्तर. वाण ठाऊक असता तर तेलाचा उतारा आणि चव दोन्ही एकसारखे राहिले असते. माझ्या सहा महिन्यांतल्या बाटल्यांत रंगाचा फरक स्पष्ट दिसत होता.

दुसरी मोठी तक्रार साठवणीची आहे. करडईचे तेल हवा आणि उजेड यांनी लवकर खवट होते. या दुकानात पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्या दारातल्या फळीवर मांडलेल्या असतात आणि तेथे दुपारी सरळ ऊन येते. जुलैमध्ये घेतलेली एक बाटली उघडताच जुन्या रंगासारखा वास आला. दुसऱ्या दिवशी परत नेली, तेव्हा मामांनी वास घेतला, एकही प्रश्न न विचारता नवी बाटली दिली, आणि ती आतल्या पिंपातून भरून दिली. वागणूक उत्तम होती. फळी मात्र आजही तेथेच आहे. बाटलीवर १४ अंकी परवाना क्रमांक आणि गाळल्याची तारीख आहे, एवढे बरे. पण तारीख पेनाने लिहिलेली असल्याने तेलकट बोटांनी पुसली जाते.

त्या दिवशी मी माझा स्टीलचा डबा पुढे केला आणि त्यातच तेल द्या म्हणाले. मामांनी नकार दिला, कारण सुटे खाद्यतेल विकायला मनाई आहे. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळले गेले, त्यात अनेकांचा बळी गेला आणि त्यानंतर केंद्राने खाद्यतेल पॅकबंदच विकले जावे असा आदेश काढला. भेसळीविरुद्ध हे आवश्यकच होते. पण बाटली, छपाई, सीलबंद करण्याचे यंत्र आणि परवाना हे सारे ज्याला एकदम उभे करता आले तो टिकला, आणि गावोगावचे तेली, जे मापाने तेल देत होते, ते बहुतेक बंद झाले. आमच्या आजोळच्या गावात दोन घाणे होते. त्यांतल्या एकाचे उखळ आज पाराजवळ पडले आहे आणि पावसाळ्यात त्यात पाणी साचते. शासनाला उद्योगाच्या मनाविरुद्ध काही करता येत नाही असे मात्र नाही. तेलातील ट्रान्स मेद या अपायकारक मेदाची मर्यादा जानेवारी २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ मध्ये २ टक्के केली गेली, आणि वनस्पती तुपावर वाढलेल्या हॉटेलांना व मिठाईवाल्यांना ती मान्य करावी लागली.

शेवटी ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी. दुकान सकाळी आठला उघडते, पण घाणा दहानंतर लागतो आणि वीज गेली की थांबतो. मंगळवारी बंद असते. घरची करडई असेल तर किमान दहा किलो घेऊन जावे, आदल्या दिवशी कडक ऊन द्यावे, आणि तेलासाठी स्वतःची बरणी न्यावी. आपल्या बियांचे तेल आपल्याच बरणीत द्यायला मामांची ना नसते. पेंड तेथेच विकू नये, शेजारचे दुकानदार पंचवीसच्या वर जात नाहीत. गल्लीच्या तोंडाशी दूधवाले उभे असतात, ते अठ्ठावीस देतात. बाटली घेणार असाल तर फळीवरची घेऊ नका, आतल्या पिंपातली मागा.